मोटर जनित्राला फिरवते, मग जनित्र मोटरला का नाही?

2004 सालची गोष्ट. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. हातात एक फळी होती. तिच्यावर खेळण्यातल्या दोन मोटरी समोरासमोर बसवलेल्या आणि दोघींचे दांडे सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्याने जोडलेले. तो म्हणाला, "सर, एका मोटरला सेल लावले की दुसरी आपोआप फिरते. दुसरी फिरली की तिच्या तारांमध्ये वीज येते, मी मीटर लावून पाहिलं. मग ती वीज पहिलीला दिली आणि सेल काढून टाकले तर?"

मी विचारलं, "ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकलास ना?" तो "हो सर" म्हणाला आणि फळी घेऊन वर्गात गेला.

माझं उत्तर चूक नव्हतं. पण त्याला नियम पाठच होता. त्याला विचारायचं होतं ते वेगळं: माझ्या या फळीवर, या तारांमध्ये, नेमकं अडतं कुठे? तो गेल्यावर लक्षात आलं, की हे मलाही धड सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला फळी परत आणायला सांगितली. पुढे जे लिहिलं आहे ते त्या फळीवर आम्ही दोघांनी, आणि नंतर दर वर्षी नव्या मुलांनी केलेलं आहे. विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले की 'आपोआप चालणारं यंत्र' घेऊन एखादा तरी विद्यार्थी येतोच. तुमच्याकडेही येत असेल.

सुरुवात एकाच मोटरीने करा. खेळण्यातली साधी मोटर घ्या. कॅसेट-प्लेअरमधल्या बऱ्याच मोटरींच्या पोटात वेग सांभाळणारं छोटं सर्किट असतं, ती मोटर इथे चालत नाही. दांड्यावर एखादं छोटं चाक किंवा बाटलीचं झाकण घट्ट बसवा. तारा सुट्या ठेवून चाक बोटाने झटकन फिरवा. ते थोडा वेळ गरगरतं. आता दोन्ही तारांची टोकं एकमेकांना टेकवून धरा आणि पुन्हा तसंच फिरवा. चाक लगेच थांबतं, बोटालाही जड लागतं. मोटरमध्ये काहीच बदललेलं नाही. तिच्यातून विजेला वाहायला वाट मिळाली, एवढंच. गुंडाळी चुंबकांमध्ये फिरली की तिच्यात विभवांतर तयार होतं. परिपथ पूर्ण असेल तर धारा वाहते. आणि धारा वाहणाऱ्या गुंडाळीवर त्याच चुंबकांचं बल लागतं, तेही फिरण्याच्या उलट दिशेने. पुस्तकात याला लेंझचा नियम म्हणतात. मुलांना तो आधी बोटाला कळू द्यावा, नाव नंतर सांगावं.

सायकलचा डायनॅमो टायरला टेकला की सायकल जड लागते, हा अनुभव जुन्या पिढीतल्या सगळ्यांना आहे. पण तो दाखला इथे देताना जपून द्या. दिवा काढून टाकला तरी सायकल बरीचशी जडच लागते, कारण डायनॅमोच्या डोक्याची टायरवर घासाघीस चालूच असते. हुशार मुलगा हे करून पाहील आणि तुम्हाला पेचात पकडेल. मोटरच्या दोन तारांचा प्रयोग या बाबतीत स्वच्छ आहे.

आता दोन मोटरींची फळी. पहिल्या मोटरला दोन सेल जोडा आणि त्याच परिपथात मल्टीमीटर धारा मोजायला लावा. (10 अँपिअरची खुंटी वापरा, नाही तर आतला फ्यूज उडतो. आमचे दोन उडाले.) दुसऱ्या मोटरच्या, म्हणजे जनित्राच्या, तारा सुट्या असू द्या. मीटरवरचा आकडा लिहून घ्या. मग जनित्राच्या तारा एकमेकांना टेकवा. मोटरचा आवाज खाली येतो, वेग मंदावतो आणि मीटरवरचा आकडा एकदम चढतो.

इथे वर्गाला थोडा वेळ गप्प बसू द्यावं. मीटर पहिल्या परिपथात आहे. तारा टेकवल्या त्या दुसऱ्या परिपथात. दोन परिपथांना जोडणारी एकही तार नाही, आहे ती रबराची नळी. मग जनित्राकडून वीज मागितली गेली हे सेलला कळलं कसं? नळीतूनच कळलं. धारा वाहू लागली तसं जनित्र जड झालं, त्याने मोटरचा वेग कमी केला. मोटर फिरत असताना तिच्यातही विभवांतर तयार होत असतं आणि ते सेलच्या विरुद्ध असतं. वेग घटला की हे विरोधी विभवांतर घटतं आणि सेलमधून जास्त धारा येते. जनित्राने दिलेल्या विजेचं बिल अशा रीतीने त्याच क्षणी सेलच्या नावावर पडतं. जनित्राची वीज फुकट मिळते असं त्या मुलाला वाटत होतं, कारण त्याने ती मोजताना मीटर फक्त जनित्राला लावला होता.

यानंतर तो म्हणतो ते खरोखर करावं. सेल काढून टाका आणि जनित्राच्या तारा मोटरच्या तारांना जोडा. हाताने जोर देऊन जोडी फिरवा. तारा जोडायचे दोन प्रकार आहेत, दोन्ही करून पाहा. एका प्रकारे जोडल्यावर जोडी चटकन थांबते, जणू ब्रेक लावला. तारांची अदलाबदल करून दुसऱ्या प्रकारे जोडल्यावर ती थोडा वेळ फिरत राहते आणि मग थांबते. दुसऱ्या प्रकाराने मुलांच्या आशा वाढतात! तेव्हा लगेच तिसरा प्रयोग करा: तारा पूर्ण सोडून जोडी तशीच फिरवा. ती जवळजवळ तेवढाच वेळ फिरते. म्हणजे तारा जोडल्याने एवढंच झालं, की जास्त नुकसान झालं नाही.

हे का होतं ते अकरावी-बारावीच्या मुलांना थोड्या गणिताने दाखवता येतं, आणि त्यासाठी ऊर्जेच्या नियमाचा आधारही घ्यावा लागत नाही. दोन्ही मोटरी एकाच दांड्यावर आहेत, त्यांचा वेग एकच. मोटरी सारख्या असतील तर दोघींमध्ये तयार होणारं विभवांतरही सारखं. दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत ही दोन विभवांतरं समोरासमोर येतात. 3 व्होल्टसमोर 3 व्होल्ट. धारा वाहतच नाही. जनित्र मोटरला काही देत नाही आणि मोटर काही घेत नाही.

मुलं लगेच म्हणतात, "मग जनित्र मोठं घ्यायचं." घेऊ. समजा त्याच वेगाला जनित्रात 3 व्होल्ट तयार होतात आणि मोटरमध्ये 2. फरक 1 व्होल्टचा. परिपथाचा एकूण रोध 10 ओहम धरला तर 0.1 अँपिअर धारा वाहील. आता धारा वाहते आहे, मोटर खरोखर पुढे रेटते आहे. पण ज्या जनित्रात 3 व्होल्ट तयार होतात ते याच धारेला 3 च्या प्रमाणात मागे ओढतं आणि मोटर 2 च्या प्रमाणात पुढे रेटते. जनित्र दांड्यावरून 0.3 वॅट काढून घेतं, मोटर 0.2 वॅट परत करते. उरलेला 0.1 वॅट कुठे गेला? धारेचा वर्ग गुणिले रोध करून पाहा: 0.01 गुणिले 10, बरोबर 0.1. तारा तापवण्यात गेला.

मोठी मोटर, लहान जनित्र असं उलटं केलं तर? मग मोटरच जनित्र होते, कारण जिच्यात जास्त विभवांतर तीच धारा ढकलणार आणि तीच जास्त मागे ओढणार. मध्ये दातेरी चाकं किंवा पट्टे घालून वेग बदलले तरी फक्त या 3 आणि 2 च्या जागी दुसरे आकडे येतात. उत्तराला हवं असेल तर सूत्राचं रूप देता येतं: एकूण ओढ ही नेहमी दोन आकड्यांच्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात येते, आणि ती मागेच असते. वर्ग कधी ऋण होत नाही. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात समाधान देणारं वाक्य हेच आहे. दांड्याचं घर्षण, ब्रशची घासणी हे सगळं यात धरलेलंच नाही. सगळं घर्षण काढून टाकलं तरी हे यंत्र स्वतःला रेटू शकत नाही.

तरीही काही यंत्रं चालताना दिसतात. बहुतेक वेळा त्यांच्यात कुठे तरी साठा असतो.

तीन वर्षांनी, 2007 च्या सुमारास, हाच मुलगा पुन्हा भेटला. भारनियमनाचे दिवस होते. गावाकडे बारा-बारा तास वीज नसायची. त्याच्या मामाची पिठाची गिरणी, दहा अश्वशक्तीची. एका माणसाने मामांना 'इंधनाशिवाय चालणारा जनरेटर' देऊ केला होता. किंमत पन्नास हजार, पाच हजार आगाऊ दिलेले. मामांनी यंत्र चालताना डोळ्यांनी पाहिलं होतं: एक मोटर, एक भलंमोठं लोखंडी चाक, एक जनित्र, बाजूला इन्व्हर्टर आणि 'फक्त सुरू करण्यापुरती' एक बॅटरी. शंभर-शंभर वॅटचे दोन दिवे तासभर लख्ख पेटले होते. मुलगा म्हणाला, "सर, फरकाच्या वर्गाचं मी मामांना सांगितलं. ते म्हणतात, पण त्या चाकाचं काय?"

मग चाकाचा हिशेब केला. 50 किलोचं चाक, सगळं वजन कडेला, त्रिज्या 30 सेंटिमीटर, मिनिटाला 600 फेरे. कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ 19 मीटर होतो. गतिज ऊर्जा सुमारे 8,900 ज्यूल. आकडा मोठा वाटतो. शंभर वॅटचा दिवा त्यावर दीड मिनिट चालेल. दहा अश्वशक्तीची गिरणी, म्हणजे साडेसात हजार वॅट, चालेल सव्वा सेकंदही नाही. फ्लायव्हील ऊर्जा साठवतं, धक्के सावरतं, वेग एकसारखा ठेवतं. गिरणीत, शिवणयंत्रात, गाडीच्या इंजिनात ते त्यासाठीच असतं. पण जेवढं आत घातलं त्याहून जास्त ते देत नाही.

खरा साठा बॅटरीत होता. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर 1,800 वॅट-तास असतात. दोनशे वॅटचे दिवे त्यावर कितीतरी तास पेटतील. तासाभराच्या प्रात्यक्षिकात कुणाला काही कळणार नाही. तीच बॅटरी गिरणीला लावली तर पंधरा मिनिटंही पुरणार नाही.

छोट्या सर्किटांमध्ये हाच घोटाळा जास्त बेमालूम होतो. मुलांच्या आवडीचं एक सर्किट आहे, इंग्रजीत त्याला 'ज्यूल थीफ' म्हणतात. देव आनंदचा 1967 चा चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना या नावातली गंमत कळेल. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात ते छापून आलं आणि तेव्हापासून छांदिष्टांनी डोक्यावर घेतलं. फेराइटच्या छोट्या कड्यावर दोन तारा एकत्र धरून पंधरा-वीस वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक किलो-ओहमचा एक रोध आणि एक पांढरा एलईडी. घड्याळातून काढून टाकलेला, जेमतेम 1 व्होल्ट दाखवणारा सेल लावला की तीनेक व्होल्ट लागणारा एलईडी पेटतो! मुलांना वाटतं, एकाचे तीन झाले.

झालं ते सुटे पैसे बंदे करण्यासारखं. ट्रान्झिस्टर चालू असताना गुंडाळीतली धारा वाढत जाते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा जमते. ट्रान्झिस्टर एकदम बंद झाला की क्षेत्र कोसळतं आणि गुंडाळीच्या टोकांशी उंच विभवांतराचा झटका बसतो. तो एलईडीतून जातो. हे सेकंदाला हजारो वेळा होत असल्याने दिवा सलग पेटलेला दिसतो. व्होल्ट जास्त, पण तेवढ्याच प्रमाणात धारा कमी, शिवाय ट्रान्झिस्टर आणि गुंडाळी आपला वटाव कापून घेतात तो वेगळाच.

"पण सर, आठवडा झाला, अजून पेटतोय." इथेही हिशेबच करावा. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये ढोबळमानाने 10,000 ज्यूल असतात. एलईडी मंद पेटवायला 20 मिलिवॅट लागत असतील, तर 5 लाख सेकंद मिळतात, म्हणजे पावणेसहा दिवस. आणखी मंद पेटला तर आणखी दिवस. सेलऐवजी 1 फॅरडचा कपॅसिटर 5.5 व्होल्टपर्यंत भरून लावला तर त्यात 15 ज्यूल असतात. 'बॅटरीच नाही, तरी दिवा पाऊण तास पेटला' हे दृश्य त्यातून सहज मिळतं. पंधरा ज्यूल 5 मिलिवॅटने खर्च केले तर पन्नास मिनिटं पुरतात.

सगळ्यात फसवा असतो तो मीटर. गुंडाळीचे झटके उंच आणि अतिशय अल्पकाळ टिकणारे असतात. मुलगा एका वेळी झटक्याची उंची मोजतो, 60 व्होल्ट. दुसऱ्या वेळी सरासरी धारा मोजतो, 0.1 अँपिअर. गुणाकार करतो, 6 वॅट. आत जाणारी शक्ती 1.5 व्होल्ट गुणिले 0.1, म्हणजे 0.15 वॅट. चाळीसपट फायदा! पण 60 व्होल्ट क्षणभर असतात आणि 0.1 अँपिअर ही सगळ्या वेळाची सरासरी आहे. वेगवेगळ्या वेळांच्या दोन आकड्यांचा हा गुणाकार म्हणजे शक्ती नव्हे. साधा मल्टीमीटर अशा लाटांसाठी बनलेलाच नसतो.

ही चूक शाळकरी मुलंच करतात असं नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जोसेफ न्यूमन यांनी आपल्या यंत्रातून आत घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघते असा दावा करून 1979 मध्ये पेटंट मागितलं. पेटंट कार्यालयाने नाकारलं, प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून ते यंत्र तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत तपासलं गेलं आणि 1986 मध्ये अहवाल आला: प्रत्येक परिस्थितीत बाहेर पडणारी शक्ती आत जाणाऱ्या शक्तीपेक्षा कमीच भरली. त्या यंत्रातही गुंडाळी आणि झटके होते.

झटक्यांची शक्ती मोजायला महागडं उपकरण नसेल तर पाणी वापरा. सर्किटमधून निघणारी सगळी वीज एका छोट्या रोधाला द्या. तो रोध जोडांसकट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून 100 ग्रॅम पाण्यात बुडवा आणि पेल्याला कापूस गुंडाळा. खरोखर 6 वॅट येत असतील तर दहा मिनिटांत 3,600 ज्यूल, म्हणजे पाण्याचं तापमान साडेआठ अंशांहून जास्त वाढायला हवं. प्रत्यक्षात 0.1 वॅट येत असेल तर वाढ अंशाच्या सातव्या हिश्श्याएवढी. शाळेतला तापमापक एवढा फरक नक्की सांगतो. (हे सगळं सेलवर करा. घरच्या विजेला यातलं काहीही जोडू नका. आणि गुंडाळीचा झटका सेलवरही बोटाला चांगला बसतो.)

पाण्याची ही युक्ती ज्याच्याकडून घेतली तो माणूस स्वतः मोटरींचा नाद लागलेला छांदिष्टच होता. जेम्स ज्यूल 1818 मध्ये इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डला जन्मला. घरचा बिअर गाळण्याचा धंदा. विजेच्या मोटरी नव्या होत्या आणि वाफेच्या इंजिनाची जागा त्या घेतील अशी हवा होती. ज्यूलनेही घरच्या घरी मोटरी बांधल्या, एकोणिसाव्या वर्षी त्यावर लेख छापला. त्या वेळी शक्तीला जणू मर्यादाच नाही असं त्यालाही वाटत होतं. फरक इतकाच, की तो प्रत्येक वेळी खर्चाची बाजूही मोजत गेला. मोटर वेगाने फिरू लागली की विरोधी विभवांतर वाढतं हे त्याच्या लक्षात आलं. 1841 मध्ये मँचेस्टरच्या एका व्याख्यानात त्याने हिशेब मांडला: बॅटरीत एक पौंड जस्त खर्ची घालून त्याच्या मोटरने जेवढं काम केलं, त्याच्या जवळजवळ पाचपट काम उत्तम वाफेचं इंजिन एक पौंड कोळशात करतं. जस्त कोळशाहून कितीतरी महाग. मोटरीबद्दलची त्याची आशा तिथे संपली.

मोजणं मात्र संपलं नाही. फिरणारी गुंडाळी त्याने पाण्याच्या नळीत बंद केली, चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली, आणि पाणी किती तापलं ते पाहिलं. ती फिरवायला किती वजन किती खाली यावं लागतं तेही मोजलं. 1843 मध्ये त्याने आकडा जाहीर केला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला 838 पौंड वजन एक फूट उचलण्याएवढं काम लागतं. आजचा आकडा 778 आहे. घरगुती साधनांनी केलेल्या पहिल्या मोजणीत आठ टक्क्यांची चूक! ज्या नियमाचं नाव घेऊन मी त्या मुलाला परत पाठवलं होतं, त्याच्या पायातला एक मोठा दगड असा अपुऱ्या राहिलेल्या मोटरच्या नादातून आला.

आपोआप फिरणाऱ्या चाकाची ओढ त्याहून फार जुनी आहे. आपल्याकडे त्याला शब्दही आहे, 'स्वयंवह'. 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी पोकळ, किंचित वाकड्या आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या चाकाचं वर्णन केलं आहे. पारा एका बाजूला आसापासून लांब जातो, खरं. पण दुसऱ्या बाजूला तो आसाच्या जवळ असला तरी प्रमाणाने जास्त असतो, आणि तोल साधला की चाक थांबतं. भास्कराचार्यांना नाव ठेवण्याचं कारण नाही, ऊर्जेची कल्पनाच तेव्हा कुठे नव्हती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्ये अशी यंत्रं तपासायला घेणं बंद केलं. तिने दिलेल्या कारणांत एक कारण हेही होतं, की या नादापायी घरंच्या घरं बुडाली आहेत. अकादमीला तो निर्णय परवडला. वर्गात येणाऱ्या मुलाला तसं दार लावणं मला आता जमत नाही.

मामांना आम्ही दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या. यंत्र चालू झाल्यावर बॅटरी पूर्ण सोडवायची आणि गिरणी जोडून एक पायली ज्वारी दळून दाखवायची. विकणारा म्हणाला, बॅटरी काढली तर यंत्राची हमी जाते. नंतर तो आलाच नाही. पाच हजार गेले, पंचेचाळीस राहिले.

फळी अजून आमच्या प्रयोगशाळेत आहे. एक मोटर बदलली. व्हॉल्व्ह-ट्यूबचा तुकडा दर वर्षी नवा घालावा लागतो, उन्हाळ्यात तो सुकून चिरतो.